लैंगिक शिक्षण आणि किशोरवयीन गर्भधारणा : पालकांना माहीत हवे असे

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे बरीच वर्षे चालू आहे. वाद मिटेपर्यंत मुले मात्र थांबत नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीला पाळी येते. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते. आपल्याला हे काय होते आहे, हे विचारायचे कोणाला, हा प्रश्न तसाच राहतो. मग उत्तर मोबाइलवर शोधले जाते किंवा मोठ्या मुलांच्या घोळक्यातून मिळते. ते बहुतेक वेळा अर्धवट किंवा चुकीचे असते.

दवाखान्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. पोटदुखी, उलट्या किंवा अशक्तपणा म्हणून मुलीला आणले जाते आणि तपासणीत चौथा-पाचवा महिना निघतो. मुलीला काही कळलेले नसते, किंवा कळलेले असते पण सांगायचे धैर्य नसते. माहिती उशिरा मिळाली म्हणून मुलगीही उशिरा पोचते. या उशिराने तिच्या जिवाला धोका वाढतो आणि उपचाराचे पर्याय कमी होतात. लैंगिक शिक्षणाचा खरा उपयोग हा उशीर टाळण्यासाठी आहे.

किशोरवयीन गर्भधारणा म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयाला किशोरवय म्हणते. या वयात राहिलेला गर्भ म्हणजे किशोरवयीन गर्भधारणा. मुलगी विवाहित आहे की अविवाहित, याचा या व्याख्येशी संबंध नाही. लग्न झाले म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचे शरीर पंचविशीचे होत नाही. धोका वयाचा असतो, मंगळसूत्राने तो कमी होत नाही.

आपल्याकडे प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्या वेळी १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी देशात ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के होते, म्हणजे साधारण तेरा मुलींमागे एक. आधीच्या फेरीपेक्षा हे आकडे थोडे कमी झाले आहेत. तरीही महाराष्ट्रासारखे राज्य देशाच्या सरासरीच्या वर असावे, ही काळजीचीच गोष्ट आहे.

याचे कारण याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या आकड्यात सापडते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, तर बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आपल्याला माहीत आहे. सहा महिने कोयता घेऊन परमुलखात जायचे, तर वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? या धास्तीने आठवी-नववीतच मुलीचे लग्न उरकले जाते. वर्षभरात पाळणा हलला नाही तर सासरची मंडळी विचारू लागतात.

म्हणजे आपल्याकडे किशोरवयीन गर्भधारणा हा मुख्यतः बालविवाहाचा प्रश्न आहे. ‘शहरातल्या मुलामुलींची थेरं’ असे समजून खेड्यातल्या पालकांनी तो दूर सारू नये. शहरात अविवाहित मुलींमध्येही अशा घटना होतात. अत्याचारातून राहिलेले गर्भही असतात, आणि त्यात अत्याचारी माणूस बऱ्याचदा ओळखीचा किंवा नात्यातला असतो.

कमी वयात गर्भ राहिला तर शरीरावर काय परिणाम होतात?

‘पाळी आली म्हणजे मुलगी आई व्हायला तयार झाली’ हा समज चुकीचा आहे. पाळी येणे ही वाढीची सुरुवात आहे. त्यानंतरही काही वर्षे मुलीची उंची आणि कमरेची हाडे वाढत असतात. या काळात गर्भ राहिला तर पुढील धोके संभवतात.

• रक्तपांढरी : आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आधीच रक्त कमी असते. त्यात गर्भाची गरज वाढते. बाळंतपणात झालेला थोडाही रक्तस्राव अशा मुलीला झेपत नाही.

• रक्तदाब वाढणे व झटके येणे : पहिलटकरणीला आणि त्यातही लहान वयाच्या मुलीला हा धोका अधिक असतो. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तासभरही घरी थांबू नये.

• अडलेले बाळंतपण : कमरेच्या हाडांची पूर्ण वाढ झालेली नसेल तर बाळाचे डोके अडकते. वेळेवर शस्त्रक्रिया मिळाली नाही तर आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. काही मुलींना लघवीच्या मार्गाला कायमची इजा होते आणि सतत लघवी गळत राहते.

• जंतुदोष : बाळंतपणानंतर गर्भाशयात आणि अंगात जंतुदोष पसरण्याचे प्रमाण वीस-चोवीस वर्षांच्या स्त्रियांपेक्षा या मुलींमध्ये जास्त असते.

• बाळावर परिणाम : बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. वाढत्या मुलीच्या पोटात वाढते मूल असेल तर एकाच ताटातले अन्न दोघांना पुरवावे लागते.

जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये गर्भारपण आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींचा समावेश होतो.

शरीराशिवाय इतर नुकसानही मोठे असते. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात. अविवाहित मुलीच्या वाट्याला बदनामीची भीती येते. त्यातून आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. विवाहित मुलीच्या वाट्याला वयाच्या विशीआधीच दुसरे बाळंतपण येते.

मग लैंगिक शिक्षण म्हणजे नेमके काय?

‘लैंगिक शिक्षण’ म्हटले की संभोगाचे शिक्षण, असा अर्थ बरेच लोक लावतात. विरोधही त्यामुळेच होतो. प्रत्यक्षात यात स्वतःच्या शरीराची ओळख, वयात येताना होणारे बदल, स्वच्छता, आपल्या व दुसऱ्याच्या शरीराबद्दल आदर, नकार देणे आणि नकार ऐकून घेणे, मैत्री व आकर्षण, मूल कसे होते, ते कसे टाळता येते, लैंगिक आजार आणि कायदा एवढ्या गोष्टी येतात. सगळ्या गोष्टी सगळ्या वयात सांगायच्या नसतात. जसे वय तशी माहिती.

• ४ ते ६ वर्षे : अवयवांची खरी नावे. अंगाचे कोणते भाग खासगी आहेत. कोणी हात लावला आणि आवडले नाही तर ‘नको’ म्हणायचे, तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. ‘हे कुणाला सांगू नकोस’ असे कोणी बजावले तर ते नक्की सांगायचे.

• ७ ते ९ वर्षे : मुलगा-मुलगी यांच्यातला फरक, बाळ कुठे वाढते, कसे जन्मते. मोबाइलवर अनोळखी माणसाशी बोलू नये, फोटो पाठवू नये.

• १० ते १२ वर्षे : पाळी येण्याआधीच पाळीची माहिती. मुलांना झोपेत वीर्य जाण्याबद्दलची माहिती. दोघांना दोन्ही सांगावे. वर्गातल्या मुलीच्या कपड्यावर डाग पडला तर हसू नये, हे मुलाला याच वयात शिकवता येते.

• १३ ते १५ वर्षे : आकर्षण, गर्भ कसा राहतो, गर्भनिरोधन म्हणजे काय, संमती म्हणजे काय, लग्नाचे कायदेशीर वय, अश्लील चित्रफितींमधला खोटेपणा.

• १६ ते १८ वर्षे : गर्भनिरोधनाच्या साधनांची नीट माहिती, लैंगिक आजार, नात्यातली जबाबदारी, अडचण आली तर कुठे जायचे.

यात मुलग्यांना वगळू नये. आपल्याकडे पाळीबद्दल सांगायचे झाले की मुलांना मैदानावर पाठवतात आणि मुलींना वर्गात बसवतात. गर्भ राहण्यात मुलाचा वाटा असतो, मग माहितीत का नको? हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, झोपेत वीर्य गेले तर शक्ती जाते, अशा भीतीने कित्येक मुले जाहिराती करणाऱ्या भोंदू वैद्यांकडे पैसे घालवतात. या दोन्ही गोष्टी नैसर्गिक आहेत, एवढे कोणी वेळेत सांगितले तरी पुष्कळ काम होते.

‘सांगितले तर मुले नको ते करून बघतील’

पालकांच्या मनात ही शंका येते आणि ती प्रामाणिक असते. सुदैवाने तिचे उत्तर अनुभवातून मिळाले आहे. युनेस्कोने देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००९ साली मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि २०१८ साली ती सुधारली. या आढाव्यांत दिसले, की शाळेतल्या लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. उलट काही ठिकाणी पहिला संबंध लांबला आणि संबंध आलाच तर निरोध वापरण्याचे प्रमाण वाढले.

अमेरिकेत ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणारे कार्यक्रम सरकारी पैशांतून चालवले जात. त्यांचे मूल्यमापन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या कार्यक्रमात शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या वागण्यात फरक आढळला नाही. संयम सांगणे वाईट नाही, पण नुसता संयम सांगून भागत नाही.

इंग्लंडचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे १९९८ साली अठरा वर्षांखालील दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा होत. १९९९ साली सरकारने दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. शाळेत माहिती, तरुणांसाठी वेगळे दवाखाने, सहज मिळणारी गर्भनिरोधक साधने, आणि आई झालेल्या मुलींना पुन्हा शिक्षणाकडे आणणे, अशी सगळी कामे एकत्र झाली. २०१६ साली हे प्रमाण १९ च्या आसपास आले होते. यात एकट्या शाळेचे श्रेय नाही. वर्गात मिळालेली माहिती आणि जवळचा दवाखाना यांची सांगड घातली, तेव्हा फरक पडला.

हा विषय परदेशातून आलेला आहे, असेही काही जण म्हणतात. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना कोर्टकचेऱ्या सोसाव्या लागल्या. मराठीत हा विषय शंभर वर्षे जुना आहे.

आपल्या शाळांमध्ये आज काय आहे?

२००७ च्या सुमारास केंद्र सरकारचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांमध्ये येऊ घातला, तेव्हा त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांनी तो थांबवला. नंतर ‘जीवन कौशल्ये’, ‘किशोरवयीन आरोग्य’ अशा नावांनी काही भाग परत आला. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. २०२० साली आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची कल्पना आहे. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मधल्या एका निकालात लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करून ते सर्वांगीण पद्धतीने देण्याची गरज मांडली.

कागदावर तरतूद आहे. वर्गात किती पोचते, हे शाळेवर आणि शिक्षकावर अवलंबून राहते. राज्य मंडळाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा सविस्तर भाग दहावीच्या विज्ञानात येतो. काही शिक्षक तो उत्तम शिकवतात. काही ‘हा भाग घरी वाचा’ म्हणून पान उलटतात. पण समजा सगळ्यांनी उत्तम शिकवला, तरी हिशेब जुळत नाही. पाळी येते सहावी-सातवीत, धडा येतो दहावीत. आणि जिचे शिक्षण आठवीनंतर सुटले, ती मुलगी या धड्यापर्यंत पोचतच नाही. जिला सर्वात जास्त गरज, तिलाच माहिती मिळत नाही.

म्हणून शाळेत टिकून राहणे हाच एक मोठा बचाव आहे. वरच्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात, कधीच शाळेत न गेलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे १८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बारा वर्षे किंवा जास्त शिकलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. गावात आठवीपुढची शाळा, जायला एसटी, राहायला वसतिगृह आणि शाळेत पाणी असलेले स्वच्छतागृह, या गोष्टी गर्भनिरोधनाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पालक-शिक्षक सभेत आपण तीन साधे प्रश्न विचारू शकतो. आपल्या शाळेत किशोरवयीन आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक कोण आहेत? सहावी-सातवीत मुलामुलींना वयात येण्याबद्दल कोण आणि कधी सांगते? मुलांना प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी ठेवता येईल का? चिठ्ठीवर नाव नसले की मुले खरे प्रश्न विचारतात.

घरी कसे बोलावे?

‘आमच्या घरात असले विषय निघत नाहीत’ असे बहुतेक आईवडील सांगतात. विषय निघतातच. जाहिरात लागते, मालिकेत कोणी गरोदर असते, शेजारची गाय व्यायते. तेव्हा वाहिनी बदलण्याऐवजी दोन वाक्ये बोलावीत. एकदाच समोर बसवून व्याख्यान देण्यापेक्षा थोडे थोडे, पुन्हा पुन्हा सांगितलेले मुलांना पचते.

सहा वर्षांच्या मुलीने विचारले, “आई, बाळ पोटात कसं जातं?” तर सांगावे, “पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. आईचं एक बीज आणि बाबांचं एक बीज एकत्र आलं की त्या पिशवीत बाळ वाढतं.” तिला तेवढे पुरते. देवाने दिले किंवा दवाखान्यातून आणले असे सांगितले, तर पुढचा प्रश्न ती आपल्याला विचारणार नाही.

अकरा वर्षांच्या मुलीला पाळीआधी सांगावे, “थोड्या दिवसांनी तुला दर महिन्याला काही दिवस रक्त जाईल. तो आजार नाही, जखमही नाही. शाळेत आली तर बाईंना सांग. दप्तरात ही पिशवी ठेव.” पुढे तेरा-चौदाव्या वर्षी हेही सांगावे, की पाळी सुरू झाली म्हणजे शरीरसंबंधातून गर्भ राहू शकतो. पहिल्या पाळीच्या आधीही स्त्रीबीज बाहेर पडू शकते. त्यामुळे पाळी आलेली नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही, असे नसते.

मुलाला वडिलांनी किंवा काका-मामांनी सांगावे, “कोणी आवडणं यात गैर काही नाही. पण ती नाही म्हणाली, तर तो विषय तिथेच संपला. गप्प बसली, म्हणजे हो म्हणाली असं नसतं.”

उत्तर येत नसेल तर “मला नीट माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू” असे म्हणावे. त्याने आपला मान कमी होत नाही. आणि एक वाक्य प्रत्येक घरात स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे : “काहीही झालं, कितीही मोठी चूक झाली, तरी आधी आम्हाला सांग. आम्ही तुझ्या बाजूला उभे राहू.” मुलगी महिनोन्‌महिने लपवते, ती बहुधा हे वाक्य कधी कानावर न पडल्यामुळे.

मुलामुलींमध्ये पसरलेले गैरसमज

• पहिल्याच वेळी गर्भ राहत नाही. चूक. पहिल्या वेळीही राहू शकतो.

• वीर्य बाहेर टाकले तर गर्भ राहत नाही. चूक. ही पद्धत बेभरवशाची आहे.

• संबंधानंतर धुऊन काढले, उड्या मारल्या किंवा लघवी केली की झाले. चूक. याचा काही उपयोग नाही.

• पपई, खजूर किंवा गरम पदार्थांनी गर्भ पडतो. चूक. यात वेळ वाया जातो. झाडपाल्याचे आणि काडी घालण्याचे उपाय तर जिवावर बेततात.

• चुंबनाने किंवा एका टॉवेलने गर्भ राहतो. चूक. पण या भीतीने मुली आजारी पडतात.

गर्भनिरोधनाबद्दल थोडेसे

निरोध हे एकच साधन गर्भ आणि लैंगिक आजार दोन्हींपासून संरक्षण देते. रोज घ्यायच्या ‘माला-एन’ गोळ्या, ‘छाया’ ही बिनहॉर्मोनची गोळी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. कोणाला कोणते योग्य, हे डॉक्टर तपासून ठरवतात. लग्न अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी झाले असेल, तर पहिले मूल किमान विशीपर्यंत लांबवावे. ‘आधी एक होऊ द्या, मग बघू’ हा सल्ला सुनेच्या तब्येतीला महागात पडतो.

संबंधाच्या वेळी निरोध फाटला, किंवा काहीच वापरले नव्हते, किंवा जबरदस्ती झाली, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घेता येते. जितकी लवकर घ्यावी तितकी ती परिणामकारक ठरते. ही गर्भपाताची गोळी नाही. गर्भ राहून गेला असेल तर तिचा उपयोग होत नाही. नेहमीचे साधन म्हणून ती वापरू नये.

पाळी चुकली तर काय करावे?

किशोरवयात पाळी मुळातच अनियमित असते. त्यामुळे एखादा महिना चुकला तर मुलगी आणि आई दोघी दुर्लक्ष करतात. सोबत मळमळ, छाती दुखणे, वारंवार लघवी, थकवा असेल तर लघवीची तपासणी करावी. पाळी चुकून आठवडा झाला की ही तपासणी बहुधा नक्की उत्तर देते. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचा संच असतो. औषधाच्या दुकानातही असा संच मिळतो.

तपासणीत गर्भ आढळला तर लगेच नोंदणीकृत डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जावे. दुकानातून गोळ्या आणून परस्पर देऊ नयेत. गर्भपाताच्या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. गर्भ नळीत असेल, दिवस जास्त असतील किंवा रक्त कमी असेल, तर घरी घेतलेली गोळी प्राणघातक ठरू शकते.

गर्भ ठेवायचाच ठरला किंवा दिवस जास्त झाले असतील, तर ही जोखमीची गर्भधारणा समजून नाव नोंदवावे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाब, रक्त आणि लघवी यांची नियमित तपासणी, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण, एवढे पाळावे.

कायदा काय सांगतो?

मुलीचे लग्नाचे वय १८ आणि मुलाचे २१ आहे. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह लावणे, ठरवणे, त्याला उत्तेजन देणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. होऊ घातलेले लग्न त्यांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) अठरा वर्षांखालील मुलीशी किंवा मुलाशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. तिची संमती होती, हा बचाव चालत नाही. पत्नी अठरा वर्षांखालील असेल तरी तो बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. अशी घटना कळली की पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

इथे पालक घाबरतात. पोलिसांच्या भीतीने मुलीला परगावी, ओळखीच्या कोणा दाईकडे नेले जाते आणि तिथे तिचा जीव धोक्यात येतो. म्हणून पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

• आधी पोलिसांत तक्रार, मग उपचार, असा नियम नाही. अत्याचार झालेल्या मुलीवर सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांनी ताबडतोब आणि मोफत प्रथमोपचार केले पाहिजेत.

• गर्भपाताचा कायदा १९७१ चा असून २०२१ साली त्यात सुधारणा झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने कायद्याच्या चौकटीत गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुली आणि अत्याचारग्रस्त स्त्रिया यांना २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने ही सोय आहे. त्यापुढे गेल्यास अशा मुलींच्या कुटुंबांना बहुधा न्यायालयात जावे लागते. उशिराची किंमत इथेही मोजावी लागते.

• अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. पालक म्हणजे आईवडीलच असे नाही. मुलीची देखभाल करणारी व्यक्तीही या कायद्यात पालक धरली जाते.

• सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे, की अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचे नाव-पत्ता उघड करण्याची गरज नाही. ही विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

मदत कुठे मिळेल?

• जिल्हा, उपजिल्हा आणि काही ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. तिथे तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळते आणि माहिती गुप्त ठेवली जाते.

• १०९८ : मुलांसाठी मदत. १८१ : महिलांसाठी मदत. ११२ : तातडीची मदत. १०४ : आरोग्य सल्ला. १४४१६ : मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस.

• गावात आशाताई, अंगणवाडीसेविका आणि उपकेंद्रातल्या परिचारिका.

डॉक्टरांनी मुलीशी काही वेळ एकटीने बोलायचे म्हटले, तर पालकांनी बाहेर थांबावे. आईसमोर जे तोंडातून निघत नाही, ते तिथे निघते, आणि त्यावरच उपचाराची दिशा ठरते. बाहेर थांबलेल्या आईवडिलांना राग येणे, रडू येणे साहजिक आहे. पण रागवायला पुढे वेळ मिळेल. तपासणीला आजचाच दिवस योग्य.